जिंकल्यानंतर उरलेला वेळ

सामना संपायला मिनिटभराहून थोडाच जास्त वेळ उरला होता. फलकावर ४५-१७. ऑक्टोबर १९९५, जॉर्जिया राज्यातलं अथेन्स, तिथल्या विद्यापीठाचं सॅनफर्ड स्टेडियम. चेंडू पाहुण्या फ्लोरिडाकडे होता. अशा वेळी अमेरिकन फुटबॉलमध्ये काय करायचं याची पद्धत ठरलेली आहे. क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडूने, चेंडू हातात घ्यायचा, गुडघा टेकायचा आणि घड्याळ पळू द्यायचं. फ्लोरिडाच्या राखीव क्वार्टरबॅकने गुडघा टेकला नाही, पास टाकला. टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार पोचला. ५२-१७. कोच स्टीव्ह स्परियर यांनी नंतर कारण लपवलंही नाही. अथेन्समध्ये येऊन जॉर्जियाविरुद्ध आजवर कुणी पन्नास गुण केलेले नाहीत असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते त्यांना करायचे होते.

स्परियर यांच्या मनात जॉर्जियाचा सल जुना होता. १९६६ साली ते स्वतः फ्लोरिडाचे क्वार्टरबॅक होते. त्या हंगामात देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून हाइजमन ट्रॉफी त्यांना मिळाली, आणि त्याच हंगामात जॉर्जियाने त्यांच्या संघाला २७-१० असं हरवलं. एकोणतीस वर्षांनी त्यांनी वचपा काढला. फक्त ज्यांच्यावर काढला ती जॉर्जियाची मुलं १९६६ मध्ये जन्मालाही आलेली नव्हती.

मी ओहायोत राहते, माझा मुलगा शाळेच्या संघात लाइनमध्ये, म्हणजे समोरच्याला ढकलणाऱ्या पुढच्या फळीत, खेळतो, आणि शरद ऋतूतले आमचे शुक्रवार-शनिवार या खेळातच जातात. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फक्त टीव्हीवरचा नाही. जिंकलेल्या संघाने आणखी गुण करत राहावं का, यावर इथे दर हंगामात वाद होतो आणि दर वेळी तो संख्येपाशी अडकतो: चाळीसचं अंतर चालेल का, पन्नासचं जास्त का? मला वाटतं संख्या हा प्रश्नच नाही. हिशेब मोठ्यांचा असतो आणि वसूल केला जातो वीस वर्षांच्या मुलांकडून, हे मला खटकतं.

आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो. चीतपट झालेल्या मल्लावर आणखी दहा डाव टाकता येत नाहीत. बुद्धिबळात मात झाली की सोंगट्या डब्यात जातात. क्रिकेटमध्येही शेवटच्या डावात लक्ष्य गाठलं की पुढची धाव नसते. या खेळांत जिंकणं आणि थांबणं एकाच क्षणी होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसं नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर पुरे करावेच लागतात, निकाल दुसऱ्याच क्वार्टरमध्ये स्पष्ट झालेला असला तरी. म्हणजे जिंकून झाल्यावरही वेळ उरतो, आणि त्या वेळात करायचं काय हे नियम सांगत नाहीत, कोच ठरवतो. शिवाय हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे. प्रत्येक चालीला बावीस जण एकमेकांवर आदळतात, त्यांतले कित्येक सव्वाशे-दीडशे किलोचे. क्रिकेटमध्ये सहाशे धावा खाल्ल्या तर पाय दुखतात आणि मान खाली जाते. इथे दमलेला, उंचीने-वजनाने कमी पडणारा मुलगा चौथ्या क्वार्टरमध्येही तितकाच जोरात आपटला जातो. उरलेला वेळ कसा वापरायचा, हा म्हणून नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. मुलांच्या गुडघ्यांचा आणि डोक्यांचा होतो.

या सगळ्याचं टोक १९१६ साली गाठलं गेलं. ७ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जिया टेकने (हे वरच्या जॉर्जियापेक्षा वेगळं विद्यापीठ) कंबरलँड कॉलेजला २२२-० असं हरवलं. जॉर्जिया टेकचे कोच होते जॉन हाइजमन, ज्यांच्या नावाची ट्रॉफी पुढे स्परियरना मिळाली तेच. त्या वसंतात कंबरलँडच्या बेसबॉल संघाने हाइजमन यांच्या बेसबॉल संघाला २२-० असं धुतलं होतं, आणि कंबरलँडने व्यावसायिक खेळाडू विद्यार्थी म्हणून उतरवले असा आरोप होता. दरम्यान कंबरलँडने आपला फुटबॉल संघच बंद केला. पण सामन्याचा करार आधीच झालेला होता आणि न आल्यास ३००० डॉलरचा दंड होता. टेनेसीतल्या लेबनन गावच्या त्या लहानशा कॉलेजाला तो परवडणारा नव्हता. म्हणून जमतील तेवढी मुलं गोळा करून एक विद्यार्थी त्यांना गाडीने अटलांटाला घेऊन गेला. संघ म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

पहिल्या क्वार्टरनंतर ६३-०. मध्यंतराला १२६-०. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं की या खेळात पुढचे चार प्रयत्न मिळतात, त्याला फर्स्ट डाउन म्हणतात. त्या दिवशी दोन्ही संघांना एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही. कंबरलँडला दहा यार्ड जाताच आलं नाही, आणि जॉर्जिया टेकला पुढच्या चार प्रयत्नांची गरजच पडली नाही, त्याआधीच टचडाऊन होत होता. हाइजमन यांची बाजू मांडणारे सांगतात की वर्तमानपत्रवाले नुसत्या एकूण गुणांवरून संघांची थोरवी ठरवत असत, आणि तो प्रकार किती फोल आहे हे त्यांना दाखवायचं होतं. ते मान्य केलं तरी धडा शिकवायला १२६ पुरेसे होते. उरलेले ९६ बेसबॉलचे होते. आणि ज्या व्यावसायिक खेळाडूंवर आरोप होता, ते काही अटलांटात मार खायला आलेले नव्हते.

तीन हजार डॉलरसाठी मार खायला जायचं, हा भाग जुना झालेला नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सव्हाना स्टेट या जॉर्जियातल्या छोट्या, ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाचा संघ लागोपाठ दोन शनिवारी दोन बलाढ्य संघांच्या मैदानांवर गेला. ओक्लाहोमा स्टेटने त्यांना ८४-० हरवलं, फ्लोरिडा स्टेटने ५५-०. या दोन सामन्यांचे मिळून सव्हाना स्टेटला सुमारे ८ लाख ६० हजार डॉलर मिळायचे होते, आणि अशा पैशावरच कित्येक लहान विद्यापीठांचे सगळे क्रीडा विभाग चालतात. मोठ्यांना घरच्या मैदानावर हमखास विजय हवा असतो, लहानांना धनादेश. करार कार्यालयात होतो, मोबदला मैदानावर मुलं मोजतात. यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. फ्लोरिडा स्टेटच्या सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात, एरवी चालींच्या मध्ये अनेकदा थांबणारं घड्याळ न थांबवता पळू दिलं गेलं, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये वादळामुळे खेळ थांबला तो थांबलाच. त्याने कुणाचंही नुकसान झालं नाही.

पैसे देऊन बोलावलेल्या पाहुण्याची गोष्ट झाली. वैऱ्याची गोष्ट वेगळी असते, असं इथे मला कुणीही ऐकवेल. मी ज्या राज्यात राहते तिथे मिशिगनशी सामना असलेल्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल फुली मारतात. मिशिगनचं नावही घेत नाहीत, ‘उत्तरेकडचा तो संघ’ म्हणतात. मला हे आवडतं. कॉलेज फुटबॉलमधलं वैर म्हणजे दर वर्षी त्याच शेजाऱ्याशी, त्याच आठवड्यात भांडायचं वचन आहे, आणि त्या वचनात एक आपलेपणा आहे. त्यामुळेच वैऱ्याला चिरडण्यात शहाणपण नाही असं मला वाटतं. पाहुणा परत येत नाही, वैरी वर्षभरात परत येतो.

१९६८ मध्ये कोलंबस शहरात, घरच्या मैदानावर, ओहायो स्टेटने मिशिगनला ५०-१४ हरवलं. शेवटचा टचडाऊन झाला तेव्हा सामना कधीच हातात आलेला होता. तरीही टचडाऊननंतरच्या जादा संधीत नेहमीप्रमाणे एका गुणाची किक न मारता कोच वुडी हेज यांच्या संघाने दोन गुणांचा प्रयत्न केला. तो फसला. दोनचा का, असं विचारल्यावर ‘तीनचा करता येत नाही म्हणून’ असं वुडी म्हणाले, ही गोष्ट ओहायोत आजही अभिमानाने सांगतात. पुढच्या वर्षी मिशिगनला नवे कोच आले, बो शेम्बेकलर. ते वुडींचेच जुने खेळाडू आणि जुने सहायक. ओहायो स्टेट त्या वेळी सलग २२ सामने जिंकून आलेला, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये अॅन आर्बरला मिशिगनने त्यांना २४-१२ हरवलं, आणि बो-वुडींचं ते दशकभर चाललेलं युद्ध सुरू झालं. मिशिगनच्या मुलांना पेटवायला बोंना भाषण शोधावं लागलं नसणार. पन्नासचा आकडा त्यांना वुडींनीच देऊन ठेवला होता.

फ्लोरिडा-जॉर्जियाचंही १९९५ ने भागलं नाही. २००७ मध्ये जॉर्जियाचे कोच मार्क रिक्ट यांनी मुलांना सांगितलं की पहिल्या टचडाऊननंतर इतका जल्लोष करा की दंड झालाच पाहिजे. मुलांनी अख्खा संघ मैदानात उतरवून नाच केला, दंड घेतला आणि ४२-३० असा सामनाही जिंकला. पुढच्या वर्षी फ्लोरिडा ४९-१० असा पुढे होता, शेवटची ४४ सेकंदं उरली होती, आणि फ्लोरिडाचे कोच अर्बन मायर यांनी शिल्लक टाइमआउट घ्यायला सुरुवात केली. एक घेतला, मग दुसरा. टाइमआउट हे पिछाडीवरच्या संघाचं हत्यार आहे, वेळ वाचवण्याचं. इथे जिंकलेल्या कोचने ते वेळ लांबवण्यासाठी वापरलं, जेणेकरून जॉर्जियाच्या मुलांनी आणखी काही क्षण त्या फलकाखाली उभं राहावं. त्या ४४ सेकंदांत एकही गुण झाला नाही, होणारही नव्हता. मला ते ५२-१७ पेक्षाही वाईट वाटतं, कारण त्यात खेळ उरलाच नव्हता, फक्त जिरवणं उरलं होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. ‘गुण नको असतील तर अडवा’ असं खेळाडू म्हणतात. ते उद्धटपणाने म्हणत नाहीत. समोरचा मुद्दाम ढिला पडला तर तो दया करतोय हे हरणाऱ्याला कळतं, आणि ती दया मारापेक्षा जास्त झोंबते. दुसरं असं की मोठी आघाडी नेहमी सुरक्षित नसते. ऑक्टोबर २००६ मध्ये तिसऱ्या क्वार्टरमध्ये नॉर्थवेस्टर्न मिशिगन स्टेटवर ३८-३ असा पुढे होता. मिशिगन स्टेटने तो सामना ४१-३८ जिंकला. सर्वोच्च विभागातलं ते आजवरचं सर्वांत मोठं पुनरागमन आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जो कोच जोर कमी करत नाही त्याला मी दोष देणार नाही.

आणि सर्वांत वजनदार मुद्दा राखीव खेळाडूंचा. कॉलेजच्या संघात शंभरच्या वर मुलं असतात. त्यांतली कित्येक स्कॉलरशिपशिवाय, स्वतःची फी भरून, पहाटे पाचला व्यायामाला येणारी. त्यांना खेळायला मिळतं ते फक्त अशा एकतर्फी सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत. त्यांना ‘गुडघा टेका’ म्हणायचं म्हणजे चार वर्षांच्या घामाचं फळ म्हणून वाकायला सांगायचं. मी अशाच एका सामन्याला गेले होते तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक जोडपं बसलं होतं. दोघांच्या अंगावर एकाच क्रमांकाच्या जर्सी. चौथ्या क्वार्टरमध्ये त्या क्रमांकाचा मुलगा मैदानात आला तशी आई उभी राहिली आणि शेवटपर्यंत खाली बसलीच नाही. त्याला तीनदा चेंडू मिळाला. तिसऱ्यांदा तो सात यार्ड गेला, आणि तिने नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की त्याच्या हातातला कागदी पेला सांडला. त्या मुलाने थांबावं असं मी म्हणूच शकत नाही. तेवढ्यासाठीच अथेन्सच्या त्या शेवटच्या पासबद्दल मी त्या राखीव क्वार्टरबॅकला काही बोलत नाही. तो त्याचं काम करत होता. त्याच्या हातात एकोणतीस वर्षांचा राग कोणी दिला, एवढंच मी विचारते.

हीच गाठ आपल्याकडेही पडली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, रणजी करंडकात, काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमन यांचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब. असल्या विक्रमात आपल्या संघाचं नाव नको म्हणून त्यांनी सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन ते निघून गेले. निंबाळकर कसोटी कधीच खेळू शकले नाहीत, आणि ज्या नऊ धावांनी ते ब्रॅडमनच्या बरोबरीला आले असते त्याही त्यांना मिळाल्या नाहीत. सामना कधीच जिंकलेला असताना महाराष्ट्राने फलंदाजी चालू ठेवली, हे खरं आहे. पण त्यात कुणाचं उट्टं काढलं जात नव्हतं. एक माणूस आयुष्याची खेळी खेळत होता. हरणाऱ्याचंही एक कर्तव्य असतं, शेवटपर्यंत मैदानात राहण्याचं. कंबरलँडच्या त्या जमवलेल्या मुलांनी २२२ गुण खाऊन ते पाळलं, एका संस्थानिकाला ते जमलं नाही. याउलट २०१६ मध्ये कल्याणला शालेय सामन्यात एका मुलाने १००९ धावा केल्या तेव्हा समोरचा संघ ३१ धावांत बाद झालेला होता आणि डाव १४६५ पर्यंत चालू ठेवला गेला. फलंदाजाचं कौतुक व्हायलाच हवं होतं. डाव घोषित करायचा की नाही, हे मात्र तिथल्या मोठ्यांनी ठरवायला हवं होतं.

अमेरिकेतल्या मोठ्यांना तसं ठरवू न देणारी आणखी दोन ओझी आहेत. पहिलं क्रमवारीचं. राष्ट्रीय विजेतेपदाला कोण खेळणार हे वर्षानुवर्षं मतांवर आणि संगणकांवर ठरत होतं. संगणकांच्या सूत्रातून विजयाचं अंतर २००२ च्या हंगामापासून काढून टाकलं. तरी २००८ मध्ये ओक्लाहोमा, टेक्सास आणि टेक्सास टेक तिघेही सारख्याच जय-पराजयांवर बरोबरीत अडकले, ओक्लाहोमाने लागोपाठ पाच सामन्यांत साठच्या वर गुण केले, आणि टेक्सासकडून हरलेला असूनही विजेतेपदाच्या सामन्यात गेला तो ओक्लाहोमा. संगणकाने अंतर मोजणं सोडलं, पण मत देणारी माणसं फलक बघतच होती. आज विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफसाठी निवड करणाऱ्या समितीच्या नियमांतही लिहिलेलं आहे की मोठ्या अंतराला उत्तेजन द्यायचं नाही. समितीही माणसांचीच आहे. दुसरं ओझं सट्ट्याचं. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बहुतेक राज्यांत खेळांवरचा सट्टा कायदेशीर झाला. सट्टा कोण जिंकणार यापेक्षा किती गुणांनी जिंकणार यावर जास्त लागतो, त्यामुळे शेवटच्या मिनिटातला निरर्थक टचडाऊनही लाखो लोकांसाठी पैसा असतो. स्टेडियममध्ये ४८-० असताना लोक अचानक का ओरडतात हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं.

आता मुलांनाही पैसे मिळतात, मग दया कशाला, असा नवा युक्तिवाद ऐकू येतो. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, मोठ्या विद्यापीठांत वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर. पण तो पैसा ज्यांच्याकडे आहे ते २२२ करणारे आहेत. मार खाणाऱ्या छोट्या कॉलेजातल्या लाइनमनला त्यातलं काही पोचत नाही. पैशाने दरी वाढली आहे, म्हणजे एकतर्फी सामनेही वाढणार. म्हणून तर मला हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा वाटतो.

कॉलेज फुटबॉलच्या नियमांत दोन्ही कोच आणि पंच यांची संमती असेल तर उरलेला क्वार्टर छोटा करण्याची सोय आजही आहे. ती क्वचितच वापरली जाते, कारण ती हरणाऱ्याला मागावी लागते, आणि वैऱ्यापुढे हात पसरणारा कोच दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवू शकत नाही. म्हणून ते मागायची वेळच येऊ नये. चौथ्या क्वार्टरमध्ये अंतर ३५ च्या वर गेलं की घड्याळ आपोआप पळत राहावं, आणि पुढे असलेल्या संघाचे टाइमआउट रद्द व्हावेत. पस्तिसाचं कारण वर आलंच आहे: त्याहून मोठी पिछाडी आजवर कुणी भरून काढलेली नाही, आणि पस्तिसाची भरली गेली तेव्हाही सुरुवात तिसऱ्या क्वार्टरमध्ये झाली होती. राखीव मुलांनी मात्र पूर्ण ताकदीने खेळावं, धावावं, जमलं तर टचडाऊन करावा. टीव्हीवाल्यांच्या जाहिराती थोड्या कमी होतील. होऊ देत.

ओहायोच्या शाळांत असा नियम आहे. दुसऱ्या अर्ध्यात ३० गुणांचं अंतर पडलं की घड्याळ थांबत नाही. गेल्या हंगामात आम्ही असेच एका शुक्रवारी हरलो. चौथा क्वार्टर बघता बघता संपला, कोणी कोणाकडे काही मागितलं नाही. परतताना मुलगा गाडीत मागच्या सीटवर बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसला होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आई, शेवटी शेवटी माझ्यासमोर त्यांचा एक नववीतला मुलगा आला. मला म्हणाला, सॉरी, मी पहिल्यांदाच खेळतोय.’

‘मग तू काय म्हणालास?’

‘म्हटलं, मग नीट ढकल.’